तामणीची रानफूट

तानी काकूने आपला साबण उचलला आणि धुण्याच्या पलीकडच्या अंगाला नेऊन ठेवला. आधी तो दोन दगडांच्या मधे होता. एका दगडावर काकू, दुसऱ्यावर माझी नणंद द्रुपदी.

"का गो काकू, साबण पळतोय काय तुझा?" द्रुपदी वन्संनी विचारलं.

"वाहून जाईल म्हणून ठेवला."

"नदी तिकडूनच वाहते. आता ठेवलास तिथूनच जाईल."

बायका हसल्या. काकू हसली नाही. गणपती तोंडावर आले होते, पावसाने उघडीप दिली होती, आणि मुंबईची माणसं येणार म्हणून वाडीतल्या सगळ्या गोधड्या आणि चादरी नदीवर आल्या होत्या. पाणवठ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तरी वन्संच्या दगडाभोवती मात्र जागा होती. ती नेहमीच असायची.

वन्संना कोड होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत आणि ओठाच्या एका कडेला. वयात येताना सुरू झालं आणि लग्नाचं बोलणं तिथेच थांबलं. मी सून म्हणून आले तेव्हा घर त्यांच्याच हातात होतं. मला नाचणीची भाकरी थापायला त्यांनी शिकवलं, आणि थापताना भाकरी फाटली की "हा कुठल्या देशाचा नकाशा गो?" असंही त्याच विचारायच्या. त्यांच्या तोंडाला वाडी वचकून होती. हातांना जास्त.

"हसता कसल्या?" तानी काकू उभी राहिली. "वर बघा जरा."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पाणवठ्यावर तामणीचं जुनं झाड होतं. त्याची एक फांदी वन्संच्या दगडावर वाकलेली होती. बाकीचं झाड हिरवंगार, आणि त्या एका फांदीची पानं पांढऱ्या काठाची. काही पानं तर अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. मी ती चैत्रातच पाहिली होती. मला वाटलं होतं, इरकली लुगड्याचा काठ दिसतो तशी दिसतात. बोलले मात्र नव्हते.

"एवढं मोठं झाड आहे," काकू म्हणाली, "आणि पांढरी झाली ती हिच्याच डोक्यावरची फांदी. ही इतकी वर्षं इथे हात धुते. ते पाणी मुळाला जातं. झाडाला कोड झालंय, बायांनो. झाडाला होतं तर माणसाला नाय होणार?"

एकीने आपलं पोर जवळ ओढलं.

"माझ्या मंजुळेला बघायला यायचेत गणपतीत," काकूचा आवाज खाली आला. "मला तुझ्याबद्दल काय नाय गो द्रुपदी. पण उद्या तिच्या अंगावर एक ठिपका उठला तर मी कोणाच्या दारात जाऊ? ती फांदी तोडायची. आणि तू खालच्या कोंडीवर जा धुवायला."

खालच्या कोंडीत गुरं धुवायची.

वन्संनी हातातली चादर पिळली, झटकली आणि टोपलीत टाकली. "फांदीचं काय चुकलं?" एवढंच म्हणाल्या. स्वतःबद्दल काही नाही.

*

आमच्याकडे अशा गोष्टीत देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघजाईच्या देवळात वाडी जमली. धोंडू गुरवाने कौल लावला. कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

"आई वाघजाई," धोंडू म्हणाला, "फांदी तोडायची आणि द्रुपदीने वरचा पाणवठा सोडायचा, हे तुझ्या मनात असेल तर उजवं दे."

आम्ही वाट पाहत राहिलो. समईची वात दोनदा पुढे सारावी लागली. उजवी पाकळी पडेना, डावी पडेना. म्हातारे पाय बदलून उभे राहिले.

"देवी बोलत नाय," शेवटी धोंडू म्हणाला.

"मग आम्ही काय समजायचं?" तानी काकूने विचारलं.

"बोलत नाय म्हणजे थांबायचं."

"किती थांबायचं? फांदी पसरेपर्यंत?"

तेव्हा मागून, खांबापाशी उभ्या असलेल्या वन्संचा आवाज आला. "माझं ऐका. त्या फांदीशी हिरवं रोप बांधा. भेटकलम करा. सालीला साल, रसाला रस. लागायचं असेल तर ह्याहून जवळचं काय असणार? रोप पांढरं झालं तर फांदी मी माझ्या हाताने तोडते आणि खालच्या कोंडीवरही जाते. नाय झालं तर तानी काकू, तू तुझा साबण होता तिथे ठेवायचा."

देवळात एकदम कुजबुज झाली, पण कोणी हसलं नाही. आमच्या गावात घरटी एक माणूस आंब्याची कलमं बांधणारा. भेटकलम काय असतं ते लहान पोरालाही ठाऊक. रोप झाडापाशी न्यायचं, दोघांची थोडी थोडी साल काढायची, जखमेला जखम लावून घट्ट बांधायचं आणि दोन जीव एक होईपर्यंत वाट पाहायची. मग फांदी झाडापासून सोडवायची. मूळ रोपाचं, शेंडा झाडाचा.

धोंडूने मान हलवली. "हे बरं आहे. देवीलाही बघता येईल."

"बांधणार कोण?" काकूने विचारलं.

"ही काय, अनशी," वन्संनी माझ्याकडे बोट केलं. "हिचा बाप कलमांचा उस्ताद होता."

मला कोणी विचारलंच नव्हतं.

घरी जाताना मी त्यांच्यावर चिडले. "वन्सं, हे काय करून बसलात? मी तामणीला कधी सुरी लावलेली नाय. आणि लागलं तर? मिरचीचा बोकड्या बघितलाय ना तुम्ही? एका झाडाची पानं आकसली की सगळी ओळ जाते. हे तसलंच काही असलं तर?"

"तर लागलं."

"असं कसं बोलता?"

त्या बांधावर थांबल्या. "अनशे, डॉक्टर सांगतो लागत नाय. वैद्य सांगतो माशावर दूध प्यायलीस. आई सांगायची गेल्या जन्माचं आहे. जो तो आपापलं सांगतो. मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय. नशिबाने झाड तरी मिळालंय, माणसावर कोण करून बघू देणार?"

त्यांच्या तोंडावर भीती दिसेल म्हणून मी नीट पाहिलं. भीती नव्हती. सुगरणीचं घरटं पहिल्यांदा हातात घेतलेल्या पोरीचं तोंड असतं तसं होतं.

*

मी तेव्हा रस्त्याकडेच्या नर्सरीत पिशव्या भरायला जायची. तिथून तामणीची दोन रोपं मागून आणली. फांदीखाली बांबूचा माच बांधला आणि त्यावर रोपं ठेवली. बापाची सुरी घासून घेतली. पाणवठ्यावर जत्रा जमली होती.

कलम बांधायला चार हात लागतात. एकाने दोन काड्या जुळवून धरायच्या, दुसऱ्याने आवळायचं. मी साल काढली आणि मागे वळून पाहिलं. कोणी पुढे येईना. वन्संनी पदर खोचला आणि माचावर चढल्या.

"तिच्या हाताने नको!" कोणीतरी ओरडलं.

"तिच्याच हाताने," धोंडू गुरव खालून म्हणाला. "बघायचंय ना लागतं का? मग पुरतं बघा."

वन्संनी दोन्ही जखमा जुळवून धरल्या. त्यांचे पांढरे हात, पांढऱ्या काठाची पानं, आणि मधे ते हिरवं बिचारं रोप. मी केळीच्या सोपाच्या पट्टीने आवळत गेले. वर शेणमाती लिंपली. दुसरं रोपही तसंच बांधलं.

"दुखत असेल काय गो ह्यांना?" वन्संनी हळूच विचारलं.

"बाप म्हणायचा, घट्ट बांधलं की दुखत नाय. सैल राहिलं की दुखतं."

गणपतीत पुन्हा पाऊस लागला, नदीला लोंढा आला आणि माचाचा एक कोपरा गेला. त्याबरोबर एक रोप गेलं. दुसरं राहिलं. मंजुळेला पाहायला माणसं आली, पोहे खाऊन गेली, कळवतो म्हणाली.

मग एक गंमत सुरू झाली. ज्या बायका त्या फांदीखालून जायला भीत होत्या, त्याच रोज मान वर करून बघायला लागल्या. रोपाला नवं पान आलं की आधी पाणवठ्यावर कळायचं आणि मग घरी. "आज टोकाला फुटलंय." "हिरवं?" "लाल आहे अजून, कोवळं आहे." "लाल म्हणजे?" "अगो, तामणीचं कोवळं पान लालसरच असतं, कधी बघितलं नाहीस?" कोणी बघितलं नव्हतं. जन्म त्या झाडाखाली धुण्यात गेला होता आणि त्याचं कोवळं पान कसं असतं ते पहिल्यांदाच कळत होतं.

नवरात्राच्या आसपास तानी काकू धावत आमच्या अंगणात आली. धाप लागली होती तिला. "चल. बघ तुझ्या रोपाला. पांढरं आलंय."

मी भाताच्या पेंढ्या तशाच टाकून धावले. वन्सं माझ्याही पुढे. रोपाच्या स्वतःच्या शेंड्याला, जोडाशी काही संबंध नसलेल्या पानावर, एक पांढरी वाकडीतिकडी रेघ होती. बोट ओलं करून पुसली. जाईना.

वन्संनी ते पान हातात धरलं. खूप वेळ धरलं. मग उन्हाकडे उलटं केलं.

"अनशे, तुझे डोळे बरे आहेत. ह्या रेघेच्या टोकाला काय दिसतं?"

मी वाकले. पानाच्या आत, दोन पापुद्र्यांच्या मधे, मोहरीहून बारीक काहीतरी हललं.

"अळी," मी म्हटलं.

"पान खात चाललीय आतून. कोड चालत नाय गो काकू, अळी चालते," वन्सं म्हणाल्या.

काकू वाकून बघत राहिली. "केवढीशी आहे," म्हणाली. मग जरा ओशाळून, "पण पुढचं पान येऊ दे. मग बघू."

"येऊ दे की. मला कुठे घाई आहे?"

*

देवदिवाळीला मी कलम सोडवलं. जोडाखाली फांदीची बांधलेली तेवढी काडी कापली, बाकी फांदी झाडावरच राहिली, आणि जोडाच्या वर रोपाचा स्वतःचा शेंडा कापला. आंब्याला करतात तसंच. आता खाली हिरव्या रोपाचं मूळ आणि वर पांढऱ्या काठाची काडी.

"अगो, साक्षच कापलीस की!" तानी काकू म्हणाली. "आता लागलं की नाय ते कसं कळायचं?"

"खालून फुटेल," मी सांगितलं. "मुळावर जे फुटतं ते रोपाचं स्वतःचं. इतके महिने रस एक होता. लागलं असेल तर आता लपायचं नाय."

कलम आमच्या पडवीत आणून ठेवलं. पाणी घालायचं काम वन्संचं. त्या रोज सकाळी आधी कलमापाशी बसायच्या, मग चूल पेटवायच्या. बोलायच्या नाहीत. त्या दिवसांत घरात चहा उशिरा होऊ लागला आणि ह्यांनी एकदा तक्रार केली. "माझ्या बहिणीला सांग, चहाला कलमापाठी नंबर लागलाय आमचा." वन्संना ऐकू गेलं, पण त्यांनी उलटून उत्तर दिलं नाही. तेव्हा मला कळलं की आता त्यांना भीती वाटते आहे. इतके दिवस कुतूहलाने झाकलेली होती ती.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. जोडाच्या खाली, सालीतून, तांबूस टोक आलं होतं.

ते उघडेपर्यंत आम्ही कोणाला सांगितलं नाही. दोन पानं सुटली, लांब झाली, तांबूस रंग उतरला. वन्संनी धोंडू गुरवाला बोलावणं धाडलं आणि तानी काकूलाही. काकू मंजुळेला घेऊन आली. धोंडूने पान खालून पाहिलं, वरून पाहिलं, उन्हात धरलं.

"हिरवं," तो म्हणाला. "काठापासून काठापर्यंत."

काकूने स्वतः पाहिलं. तिच्या तोंडून बरोबर तोच प्रश्न आला, जो मलाही पडला होता. "मग पांढरं झालं कशाने?"

"माहीत नाय," मी म्हटलं.

"देवीला विचारायचं काय?" मंजुळेने हळूच विचारलं.

"नको," धोंडू घाईने म्हणाला. "तिला आता त्रास नको."

पौषात थंडी पडली आणि तामण रंगायला लागली. ती दरवर्षीच रंगते, पानं झडायच्या आधी तांब्यासारखी होतात. पण त्या वर्षी सगळ्या वाडीच्या माना वर होत्या. त्या फांदीचा पांढरा काठ आधी लोण्याच्या रंगाचा झाला, मग गुलाबी, मग पिकल्या रातांब्यासारखा. पानाच्या मधला हिरवा भाग विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालबुंद झाला. ऊन मागून आलं की अख्खी फांदी आतून पेटल्यासारखी दिसायची. पान पाण्यात पडलं की पोरी पळत जाऊन उचलायच्या. आधी ते उचलायला कोणी हात लावला नसता.

अशाच एका सकाळी तानी काकू धुणं घेऊन आली. आपल्या दगडावर बसली. वर पाहिलं. मग कंबरेचा साबण काढला आणि दोन दगडांच्या मधे ठेवला.

"वाहून जाईल," वन्सं म्हणाल्या.

"जाऊ दे," काकू म्हणाली. "तुझा वापरीन."

*

आता ती जुनी तामण नाही. पुढे एका पुरात दरड खचली आणि ती गेली. काकूही गेली. मंजुळा चिपळूणला असते. तिच्या अंगावर कधी ठिपका उठला नाही. तिच्या दारातही आमच्याच झाडाचं कलम आहे.

धोंडू गुरवाने म्हातारपणी एकदा आमच्या पडवीत सुपारी कातरता कातरता मला सांगितलं, "त्या दिवशी पाकळ्यांना पाणी नव्हतं लावलं, अनशे. गंध लावलं होतं. दाट."

"का हो काका?"

"काय विचारावं हेच मला कळत नव्हतं. मग देवीने उत्तर कशाचं द्यायचं?"

साठी जवळ आली तेव्हा मी अक्षरं शिकले. जोडाक्षरं जमू लागल्यावर मी नर्सरीतून झाडांचं एक पुस्तक मागून आणलं, ते तानी काकूच्या प्रश्नासाठी. त्यात होतं की कधी एखाद्या कोंबात हिरवा रंग करण्याचं काम कुठेतरी चुकतं, आणि ती चूक त्या कोंबाच्या पुढच्या पानांना मिळत जाते. का चुकतं, ते पुस्तकालाही सांगता आलेलं नाही. काकू तेव्हा नव्हती, तरी मी तिच्यासाठी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

आमच्या अंगणातलं झाड आता कौलांच्या वर गेलंय. ज्यांना असं झाड लावायचंय त्यांना मी सांगते, ऊन भरपूर द्या, सावलीत काठ फिका पडतो. शेणखत जपून घाला, फार पोसलं की झाड हिरव्याकडे धावतं. थंडीत पाणी तोडा, रंग खुलतो. हे सगळं ते ऐकून घेतात, मग झाडाकडे बघतात आणि विचारतात, "आजी, पण हे अर्धं झाड हिरवं कसं? बुडातून फुटलेली रानफूट आहे ही. तुम्ही कलमवाल्या, आणि रानफूट काढली नाय?"

बरोबर आहे त्यांचं. जोडाखालचा फुटवा म्हणजे रानफूट. ती ठेवली तर सगळा रस खाते आणि कलम मारते. आंब्याच्या कलमाची रानफूट आमच्याकडे पोरंही येताजाता खुडतात.

कलम सोडवलं त्या वर्षी, शिमग्याच्या आधी, मीही सुरी घेऊन बसले होते. सगळी पानं झडून कलमाला नवी फूट येत होती, वर पांढऱ्या काठाची, खाली हिरवी. मी रानफूट बोटात धरली, सुरी लावली.

"काय करतेस?" वन्सं दारात उभ्या होत्या.

"रानफूट काढते."

"तीच ना ही? धोंडूला दाखवली ती?"

"तीच."

त्या जवळ येऊन बसल्या. "इतक्या माणसांसमोर साक्षीला उभी राहिली ही. हिच्यामुळे मी वरच्या दगडावर आहे. आता काम झालं म्हणून कापतेस? हिचं काय चुकलं?"

"वन्सं, हिचं चुकलं काहीच नाय. पण ठेवली तर कलमाला खाईल. कलमवाले हसतील मला."

"हसू देत. आपल्याला काय ते नवीन आहे?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "दोन्ही जगतील असं काहीतरी कर. तुझ्या बापाने एवढंही शिकवलं नाय काय?"

नव्हतं शिकवलं. कोणीच शिकवत नाही. मी सुरी कंबरेला खोचली.

तेव्हापासून दरवर्षी मी शिडी लावून चढते, हिरव्याला जरा आखूड ठेवते आणि काठाच्याला मोकळं सोडते. काही वर्षं चुकले, हिरवं फार वाढलं. काही वर्षं हिरवं सुकायला आलं. अजून नीट जमलेलं नाही. आता शिडीवर सून चढते आणि मी खालून सांगते.

वन्सं नव्वदीला टेकल्यात. कोड सगळ्या अंगभर पसरून त्या आता डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाच्या झाल्यात. "माझा काठ संपला गो," म्हणतात आणि स्वतःच हसतात. पौषात त्यांची खुर्ची झाडाखाली नेऊन ठेवावी लागते. मी अंगण झाडायला लागले की तांब्याच्या रंगाची पानं आणि गुलाबी काठाची पानं एकाच टोपलीत येतात, आणि मी टोपली उचलली की त्या ओरडतात,

"थांब, टाकू नको. आजची मी अजून बघितली नाय."